इमारत-माहिती प्रतिमानाचा स्वीकार आणि वास्तुविशारद : 'प्रभावी घटक' या विचारचौकटीची चिकित्सा

सारांश

वास्तुविशारदांनी इमारत-माहिती प्रतिमान तंत्रज्ञान स्वीकारावे की नाही, हे कोणत्या घटकांवर अवलंबून असते, या विषयावर गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. खर्च, प्रशिक्षण, जागरूकता, मागणी, मानसिकता अशा घटकांची यादी करणे व त्यांना क्रम देणे, हे या लेखनाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या चौकटीचे सैद्धांतिक मूळ तपासले असून नागपूर मेट्रो प्रकल्प व कर्जत (जि. अहिल्यानगर) सारखे तालुकास्थान या दोन टोकांच्या परिस्थितींत ती लावून पाहिली आहे. अस्वीकार हा व्यक्तीचा दोष नसून बांधकाम व्यवहाराच्या रचनेचा परिणाम असतो, हे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : इमारत-माहिती प्रतिमान, वास्तुविशारद, तंत्रज्ञान-स्वीकार, नवप्रवर्तनाचे प्रसरण, तालुकास्थान, बांधकाम व्यवहार.

१. प्रस्तावना

इमारतीचा नकाशा म्हणजे कागदावरील रेषांचा समूह, ही समजूत फार जुनी आहे. टी-स्क्वेअर व सेटस्क्वेअर घेऊन ड्रॉइंग बोर्डवर काढलेली रेषा आणि संगणकाच्या पडद्यावर ऑटोकॅडमध्ये काढलेली रेषा यांत साधनाचा फरक आहे, स्वरूपाचा नाही. दोन्ही ठिकाणी भिंत म्हणजे दोन समांतर रेषाच असतात. इमारत-माहिती प्रतिमानात, ज्याला व्यवहारात बीआयएम म्हटले जाते, भिंत ही भिंत म्हणून नोंदली जाते. तिची जाडी, उंची, साहित्य व तीत बसलेली खिडकी ही सर्व माहिती एकाच वस्तूशी निगडित असते. खिडकी हलविली की तलदर्शन, छेददर्शन व परिमाणपत्रक तिन्ही आपोआप बदलतात.

ही कल्पना नवी नाही. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यासच इमारतीच्या संगणकीय वर्णनाची प्रणाली मांडली होती. बुडापेस्ट येथील ग्राफिसॉफ्ट या कंपनीचे आर्किकॅड १९८४ मध्ये आले. रेव्हिट या आज्ञावलीची पहिली आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ती १३ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. तंत्रज्ञान उपलब्ध होऊन इतका काळ लोटला तरी लहान वास्तुविशारद कार्यालये द्विमिती आराखड्यावरच का थांबली आहेत, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. परंतु प्रश्न रास्त असला तरी त्याची मांडणी रास्त असतेच असे नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या मांडणीवर आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रचलित सिद्धांतांची मर्यादा स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रातील बांधकाम व्यवहाराच्या संदर्भात 'घटकां'चे परस्परसंबंध तपासणे.
३) तालुकास्थानाच्या परिस्थितीला लागू पडणारी पर्यायी विचारचौकट सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व चिकित्सक असून ती दुय्यम साधने, कायद्यातील तरतुदी व बांधकाम क्षेत्रातील सर्वज्ञात व्यवहार यांवर आधारित आहे. प्रश्नावलीचा अवलंब हेतुपुरस्सर केलेला नाही. त्याचे कारण पुढील विवेचनात येईल.

३. सैद्धांतिक चौकटीचे मूळ आणि तिची मर्यादा

या विषयावरील बहुतेक अभ्यास तीन-चार सिद्धांतांपैकी एकावर उभे असतात. फ्रेड डेव्हिस यांचे तंत्रज्ञान-स्वीकार प्रतिमान (१९८९), तोर्नात्झ्की व फ्लायशर यांची तंत्रज्ञान-संघटना-परिसर चौकट (१९९०), व्यंकटेश आणि सहकाऱ्यांचा एकत्रित सिद्धांत (२००३) आणि या सर्वांच्या आधीचा एव्हरेट रॉजर्स यांचा नवप्रवर्तनाच्या प्रसरणाचा विचार (१९६२) हे ते सिद्धांत होत.

डेव्हिस यांच्या मते वापरकर्त्याला जाणवणारी उपयुक्तता आणि जाणवणारी सुलभता या दोन गोष्टी स्वीकार ठरवितात. हे सूत्र सुटसुटीत आहे आणि त्याच्या लोकप्रियतेचे रहस्यही तेच आहे. मात्र ते कोणत्या परिस्थितीत सिद्ध झाले याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. मूळ अभ्यासातील एक गट आयबीएम कंपनीच्या टोरांटो येथील प्रयोगशाळेतील ११२ कर्मचाऱ्यांचा होता, तर दुसरा बोस्टन विद्यापीठातील एमबीएच्या ४० विद्यार्थ्यांचा. तपासल्या गेलेल्या आज्ञावल्या विद्युत-टपाल, मजकूर-संपादन व आलेखन अशा स्वरूपाच्या होत्या. त्या कर्मचाऱ्याला संगणक स्वतःच्या खिशातून घ्यावयाचा नव्हता, आज्ञावलीचे वार्षिक शुल्क भरावयाचे नव्हते आणि ती शिकण्यात गेलेल्या महिन्यांचे वेतन बुडणार नव्हते. ज्याने हे तिन्ही भार स्वतः उचलावयाचे आहेत अशा एकट्या व्यावसायिकाला हेच सूत्र जसेच्या तसे लावणे, ही तुलनेची चूक होय. शिवाय विद्युत-टपालाची उपयुक्तता ज्याला जाणवते, त्यालाच ती मिळते. बीआयएमची उपयुक्तता मात्र पुष्कळदा कंत्राटदाराला, मालकाला किंवा इमारतीची देखभाल करणाऱ्याला मिळते व श्रम वास्तुविशारदाचे असतात.

रॉजर्स यांचा विचार अधिक व्यापक आहे व त्याची मुळे ग्रामीण समाजशास्त्रात आहेत. आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, या रायन व ग्रॉस यांच्या १९४३ च्या अभ्यासापासून ही परंपरा सुरू होते. विशेष म्हणजे, प्रसरण-संशोधन नवप्रवर्तनाच्या बाजूने आधीच झुकलेले असते आणि ते अस्वीकाराचा दोष व्यक्तीवर टाकते, असा इशारा स्वतः रॉजर्स यांनीच पुढे दिला. हा इशारा बीआयएमवरील लेखनात जवळजवळ विसरला गेला आहे. 'मानसिकतेचा अभाव', 'बदलास विरोध', 'जागरूकतेची कमतरता' ही शब्दयोजनाच सांगते की निष्कर्ष प्रश्नाआधी तयार आहे.

येथे कर्जत परिसरातील शेतीचे उदाहरण उद्बोधक ठरते. देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण सीएसएच-१ हे १९६४ मध्ये प्रसारित झाले. खरीप ज्वारीत संकरित वाणे पसरली, परंतु नगर-सोलापूरच्या रब्बी पट्ट्यात मालदांडी ज्वारी टिकून राहिली. केवळ धान्याचे उत्पादन मोजणाऱ्यास हा शेतकऱ्याचा हट्ट वाटेल. परंतु अवर्षणप्रवण भागातील शेतकरी धान्याबरोबर कडबाही मोजत होता आणि भाकरीची प्रतही मोजत होता. त्याचा हिशोब अडाणी नव्हता. उलट तो संशोधकाच्या हिशोबापेक्षा अधिक पूर्ण होता. वास्तुविशारदाच्या अस्वीकाराकडे पाहताना, 'त्याच्या हिशोबात कोणता कडबा आहे?' हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

४. घटकांच्या यादीचा दोष

प्रचलित अभ्यासांत पाच बिंदूंच्या लिकर्ट मापनश्रेणीवर प्रतिसाद घेतले जातात, सरासरी काढली जाते आणि घटकांना क्रम दिला जातो. या पद्धतीत तीन दोष संभवतात.

पहिला दोष असा, की घटक स्वतंत्र मानले जातात. वस्तुतः ते साखळीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. मालक मागत नाही म्हणून जादा शुल्क मिळत नाही. शुल्क मिळत नाही म्हणून आज्ञावली परवडत नाही. आज्ञावली नाही म्हणून प्रशिक्षित मनुष्यबळ टिकत नाही, आणि मनुष्यबळ नाही म्हणून मालकाला दाखविण्याजोगे काम होत नाही. अशा साखळीतील 'खर्च' पहिल्या क्रमांकावर व 'मागणी' चौथ्या क्रमांकावर, असे कोष्टक मांडल्याने ज्ञानात भर पडत नाही.

दुसरा दोष 'स्वीकार' या शब्दाच्या सैल वापराचा आहे. आज्ञावली विकत घेणे, तिच्यातून त्रिमिती चित्रे काढून मालकाला दाखविणे, तिच्यातून कार्यकारी आराखडे काढणे आणि संरचना अभियंता व कंत्राटदार यांच्याशी एकाच प्रतिमानावर काम करणे, या चार भिन्न अवस्था आहेत. पहिल्या दोन अवस्थांत कार्यालयाची घडी बदलत नाही, शेवटच्या अवस्थेत ती पूर्णतः बदलते. चारही अवस्थांना एकच 'होय' लागू केल्यास टक्केवारी निरर्थक ठरते.

तिसरा दोष नमुन्याचा आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्तीच 'वास्तुविशारद' ही उपाधी वापरू शकते. परंतु अधिनियमातील कलम ३७ हे उपाधीच्या वापरास प्रतिबंध करते, त्या स्वरूपाचे काम करण्यास नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तालुक्याच्या गावी घरांचे आराखडे बहुधा स्थापत्य अभियंता, पदविकाधारक किंवा अनुभवी आरेखक तयार करतात. म्हणजे केवळ नोंदणीकृत वास्तुविशारदांना प्रश्नावली पाठविणारा अभ्यास ग्रामीण महाराष्ट्रातील बांधकामाचा मोठा भाग आपोआप वगळतो आणि शहरी निष्कर्ष राज्याचे म्हणून मांडतो. प्रस्तुत लेखात प्रश्नावली टाळण्याचे कारण हेच आहे.

५. जेथे स्वीकार झाला : नागपूर मेट्रो

महाराष्ट्रातील बीआयएमच्या वापराचे ठळक उदाहरण म्हणजे नागपूर मेट्रो. या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली आणि पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. पहिल्या टप्प्यातील सर्व मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये पूर्णत्वास गेले. महामेट्रोने येथे पंचमिती बीआयएमचा अवलंब केला. त्रिमिती प्रतिमानास वेळापत्रक ही चौथी व खर्च ही पाचवी मिती जोडण्यात आली आणि आराखड्यांची देवाणघेवाण एका सामायिक माहिती-मंचावर आणण्यात आली.

या स्वीकाराची कारणे घटकांच्या यादीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. कोणा वास्तुविशारदाला उपयुक्तता 'जाणवली' म्हणून हे घडले नाही. मालक एकच होता, तो सार्वजनिक होता, निधी मोठा होता आणि इमारत बांधून झाल्यावर ती चालविण्याची जबाबदारीही त्याचीच होती. पुढील अनेक वर्षांच्या देखभालीत ज्याला माहितीचा उपयोग होणार, तोच माहितीची किंमत मोजत होता. मागणारा, मोजणारा आणि लाभणारा एकच असला की स्वीकाराचा प्रश्न निविदेच्या अटीने सुटतो.

परदेशातील अनुभव याहून वेगळा नाही. ब्रिटिश सरकारने मे २०११ मध्ये आपले बांधकाम धोरण जाहीर केले आणि केंद्र सरकारच्या प्रकल्पांसाठी २०१६ पर्यंत बीआयएमची दुसरी पातळी अनिवार्य केली. सिंगापूरने इमारत परवानगीच्या प्रस्तावांतच प्रतिमान मागण्यास सुरुवात केली आणि २०१५ पर्यंत ५,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना ते लागू केले. तरीही अनिवार्यतेने सर्व प्रश्न सुटले असे मानता येणार नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधील अनेक नामांकित वास्तुकला संस्थांनी ऑटोडेस्कला खुले पत्र लिहून रेव्हिटचा वाढता खर्च व मंद विकास याबद्दल नाराजी नोंदविली. झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारखी संस्थाही त्यांत होती. ज्या खर्चाची तक्रार जागतिक कीर्तीच्या संस्था करतात, तीच तक्रार दोन संगणकांच्या कार्यालयाने केली तर तिला 'मानसिकता' म्हणणे न्यायाचे नाही.

६. जेथे स्वीकार झाला नाही : तालुकास्थान

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत ही नावे एकच असली तरी बांधकामाच्या दृष्टीने ती दोन जगे आहेत. पहिले मुंबईच्या लोहमार्गावर असून महानगराची मागणी तेथवर पोहोचते. दुसरे भीमेच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण तालुक्याचे ठाणे आहे. सिद्धटेक व राशीन येथील देवस्थाने सोडल्यास बाहेरचा माणूस तेथे क्वचितच थांबतो. येथील इमारत म्हणजे मुख्यतः स्वतःचे घर, रस्त्यालगतचे गाळे, मंगल कार्यालय, शाळा व रुग्णालय.

येथील घराचा हिशोब चौरस फुटावर चालतो. मिस्त्री मजुरीचा दर स्लॅबच्या चौरस फुटावर सांगतो. वाळू व खडी ब्रासने येते. साहित्य मालक स्वतः आणतो आणि पैसे हाती येतील तसे काम पुढे सरकते. एका हंगामात जोते, दुसऱ्या हंगामात स्लॅब, गिलावा त्यानंतर, असाही क्रम असतो. बीआयएमचा एक प्रमुख लाभ अचूक परिमाणपत्रक हा आहे. परंतु जेथे मजुरीचा करारच सरसकट चौरस फुटावर होतो आणि साहित्य टप्प्याटप्प्याने येते, तेथे त्या अचूकतेला ग्राहक नसतो. दुसरा प्रमुख लाभ निरनिराळ्या सेवावाहिन्यांमधील टकराव आधी ओळखणे हा आहे. दोन मजली घरात वाहिन्याच मोजक्या असतात आणि त्यांचा मार्ग प्लंबर जागेवर ठरवितो. म्हणजे तंत्रज्ञानाचे दोन्ही मोठे लाभ येथे निष्प्रभ होतात, ते वापरकर्त्याच्या अज्ञानामुळे नव्हे.

शुल्काची रचनाही विरुद्ध दिशेला आहे. पॅट्रिक मॅक्लीमी यांच्या नावाने ओळखली जाणारी वक्ररेषा असे दाखविते की प्रतिमानाधारित कामात श्रम प्रारंभीच्या टप्प्यात एकवटतात. वास्तुविशारदाचे शुल्क मात्र टप्प्याटप्प्याने मिळते आणि त्याचा मोठा भाग नंतरच्या टप्प्यांत येतो. तालुकास्थानी तर पुष्कळदा 'नकाशा मंजूर करून देणे' एवढ्याच कामाचे पैसे मिळतात. अधिक काम आधी करावयाचे आणि मोबदला नंतर, तोही अनिश्चित, हा व्यवहार लहान कार्यालयाला झेपत नाही. त्यातच २०१६ पासून ऑटोडेस्कने आपल्या उत्पादनांच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. पीक व पाऊस यांवर ज्या गावातील बांधकाम अवलंबून असते, तेथे कार्यालयाचे उत्पन्न हंगामी असते. वर्गणी मात्र दुष्काळ पाहत नाही.

७. शासकीय संगणकीकरणाचा अनपेक्षित परिणाम

महाराष्ट्रात इमारत परवानगीचे संगणकीकरण बऱ्याच आधी सुरू झाले. पुणे महानगरपालिकेने या शतकाच्या पहिल्या दशकातच आराखड्यांच्या संगणकीय छाननीची ऑटोडीसीआर पद्धती अवलंबिली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली आणि बृहन्मुंबई व काही अपवाद वगळता राज्यभर, नगरपंचायतींसह, एकसमान नियम लागू झाले. पूर्वी गावोगावी वेगळे असलेले नियम एकत्र आल्याने आराखडा तयार करणाऱ्याची मोठी सोय झाली, हे मान्य करावयास हवे.

परंतु संगणकीय छाननीची ही रीत ठरावीक स्तरांवर मांडलेल्या द्विमिती आराखड्यावर उभी आहे. भिंत कोणत्या स्तरावर, समास अंतर कोणत्या स्तरावर, हे सांभाळले की प्रस्ताव पुढे सरकतो. ज्याने प्रतिमान तयार केले त्यालाही परवानगीसाठी पुन्हा रेषांकडे परतावे लागते. म्हणजे शासनाने संगणक आणला, पण त्यातून द्विमिती रेखनाची सवयच अधिक दृढ झाली. सिंगापूरने परवानगीच्या खिडकीतच प्रतिमान मागितले, येथे त्याच खिडकीने रेषा मागितल्या. स्वीकारावर परिणाम करणारा इतका मोठा घटक बहुतेक प्रश्नावल्यांत आढळत नाही, कारण प्रश्नावली वास्तुविशारदाचे मन विचारते, खिडकीचे नियम विचारत नाही.

स्थावर संपदा कायद्याचा प्रभावही असाच असमान आहे. २०१७ पासून महारेरा अस्तित्वात आल्यावर मंजूर आराखड्यात मोठा बदल करावयाचा तर दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची संमती लागते आणि संरचनात्मक दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर राहते. यामुळे शहरी विकासकाला आराखडा आधीच पक्का करण्याची निकड निर्माण झाली व प्रतिमानाचे मोल वाढले. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणी बंधनकारक नाही. तालुक्यातील बहुतांश बांधकाम या सूटमर्यादेच्या आतच राहते.

८. पर्यायी विचारचौकट

वरील विवेचनावरून घटकांच्या यादीऐवजी चार प्रश्नांची चौकट सुचविता येते : प्रतिमान मागतो कोण? त्याची किंमत मोजतो कोण? लाभ कोणाला? आणि त्यातील चुकीची जबाबदारी कोणावर? नागपूर मेट्रोत पहिल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. कर्जतच्या घरबांधणीत मागणारा कोणी नाही, मोजणारा आराखडाकार आहे, लाभ संदिग्ध आहे आणि जबाबदारी पुन्हा आराखडाकारावरच आहे. अशा ठिकाणी अस्वीकार हाच सुज्ञ निर्णय ठरतो.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो : हे मागासलेपणाचे समर्थन नव्हे काय? ऑटोकॅडलाही प्रारंभी विरोध झालाच होता व तो मावळला, असे म्हणता येईल. परंतु ऑटोकॅडने कार्यालयाची उतरंड बदलली नव्हती. आरेखकाच्या हातातील पेन्सिल जाऊन माऊस आला, आणि त्याचा लाभ खर्च करणाऱ्यालाच, दुरुस्तीचे श्रम वाचून, लगेच मिळाला. बीआयएमची तुलना त्याच्याशी होत नाही. दुसरे असे की प्रस्तुत लेख अस्वीकार सर्वत्र योग्य असल्याचे म्हणत नाही. तालुक्यातही एक क्षेत्र असे आहे की जेथे चारही प्रश्नांची उत्तरे जुळू शकतात. ते म्हणजे सार्वजनिक इमारती.

जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामीण रुग्णालय, महाविद्यालयाची इमारत यांचा खर्च जनतेच्या पैशातून होतो, अंदाजपत्रक दरसूचीवर तयार होते, देयके मोजमाप पुस्तिकेवरून निघतात आणि इमारत पुढे अनेक दशके वापरात राहते. रुग्णालयात प्राणवायू, पाणी, सांडपाणी व वीज यांच्या वाहिन्या एकमेकींना छेदतात, आणि तेथे टकराव आधी कळणे हा चैनीचा विषय नाही. मोजमाप पुस्तिकेतील नोंद प्रतिमानाशी ताडून पाहता आली तर पारदर्शकतेसही हातभार लागेल. येथे मागणारे शासन, मोजणारे शासन आणि लाभणारी जनता, असा मेळ बसतो. घरबांधणीत न रुजणारे तंत्रज्ञान सार्वजनिक इमारतीच्या वाटेने तालुक्यात येऊ शकते.

९. निष्कर्ष व शिफारशी

१) तंत्रज्ञान-स्वीकाराची व्यक्तिकेंद्री प्रतिमाने वास्तुविशारदाच्या व्यवसायाला मर्यादित अर्थानेच लागू पडतात, कारण येथे श्रम एकाचे व लाभ दुसऱ्याचा असतो.
२) महाराष्ट्रात बीआयएमचा स्वीकार मालकाच्या स्वरूपावर, म्हणजे तो एकच, मोठा व इमारत स्वतः चालविणारा आहे की नाही यावर, प्रामुख्याने अवलंबून असल्याचे दिसते.
३) परवानगी प्रक्रियेतील द्विमिती छाननी हा दुर्लक्षित परंतु प्रभावी घटक आहे. निवडक मोठ्या सार्वजनिक इमारतींपासून प्रतिमानाधारित छाननीचा प्रयोग व्हावा.
४) विक्रेत्यावरील अवलंबन टाळण्यासाठी आयएफसी या खुल्या माहिती-स्वरूपाचा (आयएसओ १६७३९) आग्रह धरावा. फ्रीकॅड, तसेच ब्लेंडरवर आधारित बोन्साय यांसारख्या मुक्त आज्ञावल्यांचे प्रशिक्षण स्थापत्य पदविका स्तरावर द्यावे, कारण तालुक्यातील आराखडाकार मुख्यतः तेथूनच घडतो.
५) पुढील अभ्यासांत नोंदणीकृत वास्तुविशारदांबरोबर स्थापत्य अभियंते, आरेखक व मिस्त्री यांचाही समावेश असावा.

१०. समारोप

महाराष्ट्रातील अनेक तरुण आरेखक आज पुण्यासारख्या शहरांत बसून अमेरिका व युरोपातील इमारतींची प्रतिमाने तयार करतात. त्यांतील एखाद्याच्या गावचे घर मात्र दोन रेषांच्या भिंतीवरच उभे राहते. तोच तरुण दोन्ही ठिकाणी आहे. त्याचे कौशल्य बदलत नाही, मानसिकता बदलत नाही, बदलते ते मागणाऱ्याचे व मोजणाऱ्याचे स्थान. 'वास्तुविशारद तंत्रज्ञान का स्वीकारीत नाहीत?' या प्रश्नाचे उत्तर वास्तुविशारदाच्या मनात शोधण्याचा अट्टाहास सोडल्याखेरीज हा साधा फरक संशोधनाच्या नजरेस पडणार नाही.